छर्रा, रबर आणि हातोडा

गाडीने ताशी साठचा वेग गाठला की पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. गाणं मोठं केलं की तो झाकला जातो, म्हणून कित्येक जण महिनोन्महिने तशीच गाडी चालवतात. पण उजवीकडे वळताना हा आवाज वाढत असेल आणि डावीकडे वळताना कमी होत असेल, तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे कलतो. त्यात खड्ड्यातून जाताना ‘खट्’ असाही आवाज येत असेल, तर लोअर आर्मचे बुशही एकदा तपासून घ्यायचे.

ही दोन्ही कामं घरी करता येतात. जॅक, त्याखेरीज गाडी पेलणारे भक्कम स्टँड, पाने, टॉर्क रेंच आणि एक मोकळा रविवार हवा. काम शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तिकेत दोन नियम ठळक अक्षरांत असतात. पहिला: बेअरिंग बसवताना जोर छर्ऱ्यांमधून जाऊ देऊ नका. दुसरा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. कारण मात्र क्वचितच दिलेलं असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. जुन्या कोडमध्ये कुणीतरी ‘ही ओळ हलवू नका’ असं लिहून ठेवलेलं असतं आणि त्यामागे एक अख्खी गोष्ट दडलेली असते. या दोन नियमांमागेही तशा दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट छर्ऱ्यांची. बैलगाडीत चाकाचा तुंबा थेट आसावर घासत फिरतो. वंगण आटलं की गाडी कुरकुरते आणि बैलांना जास्त ओढावं लागतं. घासण्याऐवजी घरंगळू द्यावं, ही कल्पना तशी जुनीच. इटलीतल्या नेमी तलावात सापडलेल्या रोमन जहाजांवर कांस्याच्या गोळ्यांवर फिरणाऱ्या बैठकीचे अवशेष होते. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉन या लोखंड कारखानदाराने घोडागाडीच्या आसात गोळे बसवण्याचं पेटंट घेतलं. तरीही पुढची कित्येक दशकं घोडागाड्या घासतच चालल्या.

अडचण गोळे बनवण्यात होती. दहा गोळ्यांतला एक जरी केसभर मोठा निघाला, तरी सगळा भार त्या एकट्यावर येतो आणि बाकीचे नऊ नुसते सोबत फिरतात. हातांनी घडवलेले गोळे इतके सारखे निघत नसत.

वाट काढली ती सायकलवाल्यांनी. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूरने बॉल बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. मग १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिख फिशरने पोलादी गोळे घासून एकसारखे करणारं यंत्र बनवलं. आता गोळ्याची अचूकता कारागिराच्या बोटांवर अवलंबून राहिली नाही. ती यंत्रात गेली.

तिथून बेअरिंगचा धंदा वेगाने वाढला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट देखभाल अभियंता होता. गिरणीखालची चिकणमाती खचायची, त्यामुळे शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग तुटायची. त्याने वाकड्या शाफ्टशी जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. व्होल्व्हो ही याच एसकेएफची लेक. या लॅटिन नावाचा अर्थ ‘मी घरंगळतो’. १९६१ मध्ये भारतात स्थापन झालेल्या असोसिएटेड बेअरिंग कंपनीमार्फत हे घराणं पुण्याजवळ चिंचवडलाही पोहोचलं.

एवढ्याशा छर्ऱ्याची किंमत काय होती, हे १९४३ मध्ये दिसलं. जर्मनीचे रणगाडे आणि विमानं थांबवायची तर श्वाइनफुर्टचे बेअरिंग कारखाने पाडा, असं अमेरिकी हवाई दलाने ठरवलं. १७ ऑगस्टच्या मोहिमेत श्वाइनफुर्टसोबत रेगेन्सबुर्गवरही हल्ला झाला. त्यात ६० बॉम्बफेकी विमानं पडली. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवर पुन्हा हल्ला केला, तेव्हा आणखी ६० पडली. प्रत्येक विमानात दहाच्या आसपास माणसं असत. कारखान्यांचं मोठं नुकसान झालं, पण जर्मनांनी उत्पादन इतरत्र विखुरलं आणि युद्ध चालू राहिलं.

आता पहिल्या नियमाकडे येऊ. १९०० च्या सुमारास स्वीडनच्याच योहान ब्रिनेल यांनी धातूचा कठीणपणा मोजायची सोपी रीत दिली: धातूवर एक कठीण गोळा ठरावीक जोराने दाबायचा आणि पडलेल्या खड्ड्याचा व्यास मोजायचा. बेअरिंगवर हातोडा मारणारा माणूस नकळत हीच चाचणी घेत असतो. छर्रा आणि कडं यांची भेट अगदी टिचभर जागेत होते, जवळजवळ एका बिंदूत. बाहेरचं कडं नकलमध्ये घट्ट बसवायचं असताना तुम्ही आतल्या कड्यावर ठोकलंत, तर तो सगळा दणका छर्ऱ्यांमधून जातो आणि प्रत्येक छर्रा कड्यात आपला ठसा उमटवतो. या ठशांना इंग्रजीत ब्रिनेलचंच नाव आहे. डोळ्यांना ते दिसतीलच असं नाही. पण चाक फिरताना छर्रे त्यांवरून जात राहतात आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत जुन्यासारखं घुमू लागतं.

म्हणून नकलमध्ये बेअरिंग बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा आणि हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा.

मागची चाकं ओढणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाला निमुळत्या रोलरची दोन बेअरिंग असत. हेन्री टिमकेन या बग्गी बनवणाऱ्याने अशा बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये मिळवलं. मेकॅनिक ती उघडायचा, ग्रीस भरायचा, चाक हाताने फिरवून नट किती आवळायचा ते ठरवायचा. आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग बंद डबीसारखं येतं. आतला ताण कारखान्यात ठरलेला असतो आणि हबचा नट पुस्तिकेतल्या आकड्याइतका आवळला की तो जुळून येतो. म्हणून नट नवा घ्यायचा आणि तो पुरा आवळेपर्यंत त्या चाकावर गाडीचा भार टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट रबराची, आणि ती बरीच शांत आहे. सुरुवातीच्या गाड्यांत स्प्रिंगचे सांधे धातूच्या पिनांवर फिरायचे. त्यांना वरचेवर ग्रीस द्यावं लागे, नाहीतर ते झिजून खडखडत. १९२० च्या दशकात लेओँ थिरी या अभियंत्याने दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर दाबून बसवलं. या सांध्यात घासणं नाहीच. आतली नळी फिरते तेव्हा रबर पिळवटतं आणि परत मूळ जागी येतं. वंगण नको, आवाज नको. त्याचं नाव पडलं सायलेंटब्लॉक. फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियन बोलणारे आजही बुशला याच नावाने ओळखतात.

पण पिळवटणाऱ्या वस्तूला एक शून्य लागतं. बोल्ट आवळताच आतली नळी पक्की होते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल, तोच रबराचा आराम. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तेव्हाच बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. मग ते वेळेआधीच फाटतं आणि लोक नव्या बुशला नावं ठेवतात.

अचूकता कारखान्यात गेली, याचा एक अर्थ असा की आपण ती विश्वासावर विकत घेतो. बाजारात नकली बेअरिंगही मिळतात. डब्यावर नाव छापणं सोपं, छर्रा घासणं अवघड. हा भाग गाडीचं वजन पेलत ताशी शंभरने फिरणार असतो. तिथे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात शहाणपण नाही.

घरी हायड्रॉलिक प्रेस नसेल तर नकल सोडवायची आणि जवळच्या लेथवाल्याकडे न्यायची. यानेही काम घरचंच राहतं. त्याला एवढंच सांगायचं, ‘काका, बाहेरच्या कड्यावरच दाबा.’ काका बहुधा हसतील. ब्रिनेलचं नाव त्यांनी ऐकलेलं नसेल, पण मापाचं कडं त्यांनी आधीच हातात घेतलेलं असेल.