शालीवरचे चार घोडे

पेरूतल्या उरुबाम्बा खोऱ्यात, काल्का गावाच्या वरच्या अंगाला, एका अंगणात आजी मागावर बसल्या होत्या. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. मागे रेलल्या की ताणा घट्ट व्हायचा, पुढे झुकल्या की सैल. लामा या जनावराच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने त्या उभे धागे उचलत, आडवा धागा ठोकून बसवत. समोर नक्षीचा कागद नव्हता. सगळी मोजणी डोक्यात.

शाळेत स्पॅनिश शिकलेली नात त्यांचं केचुआ भाषेतलं बोलणं मला समजावून देत होती. तिने फड्या निवडुंगावरचा पांढरट किडा तळहातावर चिरडला आणि तळवा किरमिजी झाला. वर लिंबू पिळलं, तर तोच रंग बघता बघता नारिंगी!

आजी विणत होत्या त्या शालीवर अशाच किरमिजी रंगाचा एक पट्टा होता. त्यात एक माणूस होता आणि त्याच्या चारी बाजूंना घोडे. आजींनी बोट ठेवून सांगितलं, हा तुपाक अमारू. त्यांना हे त्यांच्या आजीने सांगितलं होतं.

नोव्हेंबर 1780 मध्ये हा तुपाक अमारू, या नावाचा दुसरा, स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठला. करांनी आणि खाणींतल्या वेठबिगारीने माणसं पिचली होती. कापडाच्या कारखान्यांतही तीच गत, लोक कोंडून राबवले जात. पोमाकांची गावातला असा एक कारखाना त्याने फोडला आणि आतलं कापड लोकांना वाटून टाकलं. हा प्रसंग सांगताना आजींचा हात थांबला, चेहरा उजळला. विणकरणीला या बंडातलं नेमकं काय आपलं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

18 मे 1781 रोजी कुस्को शहराच्या मुख्य चौकात त्याच्या डोळ्यांदेखत त्याची बायको मिकाएला बास्तिदास हिला मारलं. मग त्याचे हातपाय चार घोड्यांना बांधून ते घोडे चार दिशांना हाकले. देह फाटेना, तेव्हा शिरच्छेद केला. पुढे इंकांच्या पद्धतीचा पोशाखच बंद करण्याचा हुकूम निघाला. आज इथल्या बायकांच्या फोटोंत दिसणारा घोळदार घागरा आणि टोपी ही वसाहतकाळाची देणगी. खांद्यावरची शाल मात्र इंकांच्या काळापासून चालत आलेली. आणि ज्या पोशाखावर बंदी आली, त्याच्याच या उरलेल्या वस्त्रावर बायकांनी तो वध विणून ठेवला. याच्याइतका निर्भय दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही.

कुस्कोच्या बाजारात यंत्रावरच्या शाली स्वस्तात मिळतात. त्यांवर लामा असतात, फुलं असतात. आजींच्या एका शालीला महिनेच्या महिने लागतात, आणि सांगितलेली किंमत मला कमीच वाटली.

नात सध्या बोटभर रुंदीची पट्टी विणते. घोड्यांना अजून अवकाश आहे. आधी तिला सगळी गोष्ट न अडखळता सांगता आली पाहिजे, असं आजींचं म्हणणं.