खळ्यावरचा वाटा

दिवाळीची पोस्त देताना सदाशिव पेठेतला गृहस्थ कपाळाला आठी घालतो, अशी आमच्या पेठेची ख्याती आहे. ती खरी की खोटी, या वादात मी पडत नाही. मी त्याच पेठेत राहतो, तेव्हा माझी साक्ष कोणी मानणारही नाही. पण पोस्त ही चीज आहे तरी काय? वर्षभर आपल्या दाराशी राबणाऱ्या माणसाला ठरल्या पैशांखेरीज सणाला जे द्यायचे, ती पोस्त. पूर्वी ती न्हाव्याला, परटाला मिळे. आता इस्त्रीवाल्याला, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराला, कचरा नेणाऱ्या बाईंना मिळते. मौज अशी, की घेणारा ती हक्क म्हणून मागतो आणि देणारा उपकार म्हणून देतो. या हक्क-उपकाराच्या गोंधळाचे मूळ, माझ्या मते, शहरात नाहीच. ते गावच्या खळ्यावर आहे, आणि त्याची हकिकत सणासुदीलाही ऐकण्याजोगी आहे.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली निवर्तली. तिच्या काळातले इंग्लंडचे खेडे आणि आपले देशावरचे खेडे शेजारी ठेवून पाहिले, तर प्रथमदर्शनी ती सख्खी भावंडे वाटतात. तिकडे चर्चच्या हद्दीवरून गावाचा कारभार ठरे. त्या हद्दीला पॅरिश म्हणत. त्या पॅरिशमध्ये लोहार होता, गाड्यांची चाके करणारा सुतार होता, जोडे शिवणारा होता, चक्कीवर पीठ दळून देणारा होता, आणि देवाचे सगळे बघणारा पाद्री होता. आपल्याकडे हीच मंडळी बारा बलुतेदारांत बसलेली. पण खरा फरक मेहनताना कसा मिळे, यात आहे. तिकडचा लोहार नाल ठोकला की पैसे मागे, किंवा वहीत मांडून ठेवी आणि सुगी झाली की वसूल करी. धान्याचा वाटा घेई तो एकटा पाद्री. पिकाचा दशांश त्याचा. दहावी पेंढी चर्चच्या कोठारात जायची, आणि ती देताना तिकडचा शेतकरीही कपाळाला आठी घालीतच असे! शेवटी १८३६ साली पार्लमेंटाने कायदा करून हा दशांश रोख रकमेत बदलला. गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या भावाची सरासरी काढून ती रक्कम ठरू लागली.

आपल्याकडे मात्र एकटा भटजीच नव्हे, बाराही जण पेंढ्या घेत. त्याचा हिशेब मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात नोंदलेला आहे. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेल्या या मराठी-इंग्रजी कोशात ‘बलुतेदार’ शब्दाखाली त्याने सबंध गावगाडाच उलगडून ठेवला आहे. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. बलुतेदारांच्या तीन ओळी, म्हणजे कासा. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार आणि मांग. यांना प्रत्येकी चार पाचुंदे, पण महाराला आठ. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी, यांना तीन-तीन. धाकट्या कासेत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी; यांना दोन-दोन. गावोगावी नावांत आणि वाट्यांत थोडा फेरफार असे, पण कोशातली ही मांडणी ध्यानात धरावी.

वाचकहो, ही यादी जरा पुन्हा वाचून पाहा. ज्याच्या पायावर गाव डोके ठेवी, तो भट धाकट्या ओळीत, दोन पाचुंद्यांवर. आणि ज्याची सावलीही गावाला चालत नसे, त्या महाराचे आठ पाचुंदे, म्हणजे भटाच्या चौपट! मान मोजायचा गज वेगळा आणि धान्य मोजायचे माप वेगळे. खळ्यावर गाव कामाकडे पाहत होते. सुताराचा नांगर नसेल तर पेरणी अडते, लोहाराने फाळ शेवटला नाही तर नांगर अडतो. पंचांग चार दिवस उशिरा ऐकले तरी ज्वारी उगवायची थांबत नाही. महाराच्या कामाला तर अंतच नव्हता. शिवेची राखण, वेशीची राखण, सरकारी पैसा ठाण्यावर पोहोचविणे, गावात आलेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेले जनावर ओढणे, मर्तिकाची बातमी परगावी नेणे. हे सगळे त्याच्याकडे, आणि तेही वेळकाळ न पाहता. शिवाय ते आठ पाचुंदे एका माणसाचे नव्हते. महारवाड्यातली सारी घरे पाळीपाळीने काम करीत आणि वाटा वाटून घेत. तेव्हा आठाचा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

हा वाटा म्हणजे मजुरी नव्हे, वतन. बाप म्हातारा झाला, हात थरथरू लागले, तरी घराण्याचा पाचुंदा सुटत नसे. इंग्लंडात १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर थकल्याभागल्या कारागिराच्या नशिबी वर्कहाउस आले. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. आपल्या बलुतेदाराला ती भीती नव्हती. उलट तिकडच्या लोहाराचा पोरगा उठून बर्मिंगहॅमला जाई, नाहीतर ऑस्ट्रेलियाची बोट धरी, आणि त्याला कोणी अडवीत नसे. आपल्याकडे लोहाराचा पोरगा लोहारच. सुरक्षितता आणि बेडी एकाच लोखंडाची होती. आणि पीक बुडाले की वाटाही बुडे, ही गोष्ट वेगळीच. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे-सोलापूरकडे खळीच पडली नाहीत, तिथे पाचुंदा कसला?

बलुतेदारांची गावातली आणखी एक जागा आज आपण पार विसरलो आहोत. आमच्या पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते १९१० साली स्थापिले. तिथे आणि राजवाड्यांच्या साधनांच्या खंडांत जुने महजर वाचताना मला सर्वांत मोह पडतो तो मजकुराचा नव्हे, तर खालच्या निशाण्यांचा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला की गोतसभा बसे, आणि निवाड्याच्या कागदावर पाटलाचा नांगर उमटे. त्याच्या खाली बलुतेदार आपापल्या हत्याराचे चित्र काढीत: सुताराचे किंकरे, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा. अक्षर येत नव्हते, पण त्यांच्या निशाणीवाचून कागद पुरा होत नव्हता. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या गोतसभांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. एलफिन्स्टनने पेशवाई गेल्यावर पंचायती टिकवायचा प्रयत्न करून पाहिला. पण १८२७ चे कायदे झाले, मुन्सफाची कोर्टे आली, स्टांपाचा कागद आला, आणि त्या कागदावर आरसा नि रापी काढायला जागा उरली नाही.

दुसरा घाव जमीनमोजणीचा. १८३६ च्या सुमारास, म्हणजे तिकडे पाद्र्याची पेंढी रोख होत होती तेव्हाच, इकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे नव्या पद्धतीने जमिनीचा आकार ठरवीत होते. सारा रोख, आणि तो ज्याचा त्याने सरकारात भरायचा. सरकारचा हिशेब थेट एकट्या कुणब्याशी जुळला. गाव मधून निघाले. मग बलुते ही कुणबी आणि कारागीर यांच्यातली खाजगी बाब झाली. द्यावेसे वाटले तर द्यावे, न वाटले तर हात आखडावा. हक्काचा उपकार झाला तो इथे, असे मला वाटते. पुढे १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली, १८६३ साली बोरघाटाचा चढ पुरा झाला, आणि मुंबईचा माल गावोगावच्या बाजारी उतरू लागला. लोखंडी नांगर मात्र त्या मानाने उशिरा आला. किर्लोस्करांचा नांगर विसाव्या शतकाच्या आरंभीचा. तोवर सुताराची निकड टिकून होती.

पण गाव मनात आणील तर बलुत्याचे हत्यार अजून उपसू शकत होते. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या देशमुखावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. गावाने लाठी उचलली नाही. सावकारांची कामे बंद केली. दाढी करायला न्हावी नाही, पाणी भरायला माणूस नाही. सावकाराला शेवटी बिऱ्हाड हलवून शिरूरला जावे लागले. हे लोण पसरले. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या समापत्रात तर न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार आणि इतर बलुत्यांनी सावकारांचे काम करू नये, असे स्पष्ट लिहिले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि चौकशी कमिशन बसले ते त्यानंतर. मला स्वतःला दंग्यापेक्षा ते न्हाव्याचे घरी बसणे अधिक परिणामकारक वाटते. मात्र हेच हत्यार महारवाड्यावरही चालविले जाई, तेव्हा त्याचे फार कौतुक करावेसे वाटत नाही.

आणि नको असलेला बलुतेदार गावाला सोडता येई का? हा प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या ओतूरने विचारला. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला होता. त्याच्या रीतीने ओतूरच्या पाटील मंडळींनी १८८४ च्या सुमारास भटजीवाचून लग्न लावले. गावच्या जोश्याने आपल्या वतनाच्या दक्षिणेचा दावा ठोकला. धाकट्या कासेचे दोन पाचुंदे मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाऊन पोहोचले! १८९० च्या सुमारास तिथे निकाल जोश्याविरुद्ध गेला. ज्याला जोशी नको, त्याच्याकडून न केलेल्या कामाचे पैसे मागता येणार नाहीत, हा त्याचा मथितार्थ. यजमान मोकळा झाला.

थोरल्या कासेतला महार मात्र मोकळा झाला नाही. १८७४ च्या वतन कायद्याने सरकारी उपयोगाची कामे त्याच्या गळ्यात पक्की राहिली. खळ्यावरचे आठ पाचुंदे मात्र कुणब्याच्या मर्जीवर. देणे सैल झाले आणि घेणे तसेच राहिले, असा हा व्यवहार. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले, तेव्हा त्यांनी हेच बोट ठेवून दाखविले: काम रात्रंदिवसाचे, वेतन नावापुरते, आणि घरधनी हजर नसेल तर घरातले दुसरे माणूस कामाला जुंपलेले. ते बिल मंजूर झाले नाही. गावगाड्याचा जाणता लेखक त्रिंबक नारायण आत्रे याने १९१५ सालीच ‘गावगाडा’ लिहून बलुत्याची व्यवस्था कशी कुजत चालली आहे ते मांडले होते. पण आत्रे मामलेदार. त्यांची दृष्टी वरून पाहणाऱ्याची. खालून पाहणाऱ्याचे म्हणणे कौन्सिलात पहिल्यांदा नीट उमटले ते १९२८ मध्येच.

कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला आणि पुढल्या वर्षी अमलात आला. वतनाच्या जमिनी सरकारजमा करायच्या, आणि मूळच्या वतनदाराने ठरलेली रक्कम भरली की त्याच्या नावे परत करायच्या, अशी त्यात तरतूद होती. पिढ्यान्‌पिढ्या राबून जे मिळाले, ते पैसे भरून पुन्हा घ्यायचे! कित्येकांना ते भरणे कठीण गेले. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले ते १९७८ साली. कायदा होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.