अरुंद दरवाजा आणि डिचोलीचे बिशप

मत्तयाच्या सातव्या अध्यायातला अरुंद दरवाजा आपल्या परिचयाचा आहे. त्यातून जाताना जग आडवे येते, असे आपण शिकलो. पण आपलीच मंडळी दार अडवून उभी असली तर?

दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांच्या वाट्याला हेच आले. ते ब्राह्मण ख्रिस्ती घरातले. गोव्यात त्यांना गुरुदीक्षा नाकारली गेली. मग ते थेट रोमला गेले. तिथे १६३० साली याजक झाले आणि १६३७ साली बिशप. लॅटिन विधीतले पहिले भारतीय बिशप! विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी रोमने त्यांना नेमले.

गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मात्र त्यांना मानले नाही. तेव्हा त्यांनी डिचोली गाठली. त्या काळी डिचोली काय, पेडणे काय, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच; पेडणे तर १७८८ साली त्यांच्याकडे गेले. डिचोलीत त्यांनी चर्च उभारले आणि इथल्या तरुणांना दीक्षा दिली.

इथवर त्यांच्यामागून चालणे मला सोपे जाते. पुढे जात नाही. अपमान साचत गेला आणि पोर्तुगीजांना हटवण्यासाठी हे प्रभूचे सेवक डच व विजापूरकरांशी संधान बांधू लागले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे निःसंशय. पण त्या रागात ते अरुंद वाटेवरच होते का? प्रार्थनेत हा प्रश्न मी अनेकदा घेऊन बसलो आहे.

अखेर ते रोमला परतले. जिथे दीक्षा मिळाली, त्याच शहरात त्यांनी देह ठेवला.