मराठवाड्यांतील गोडाची वाटचाल

नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याचें नित्याचें अन्न ज्वारीची भाकरी, गोडधोड सणासुदीचें. तें पुरवी गुऱ्हाळ. काहिलींत रस उकळूं लागला कीं गुळव्या भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी काढी, आणि पाक साच्यांत थिजून ढेप होई. पाहुण्यापुढें गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवणें हा खरा आदर.

१९५० मध्यें प्रवरानगरास सहकारी कारखान्यानें गाळप सुरू केलें. पुढें लातूर-नांदेडकडेही कारखाने निघाले. साखर हाताशी आली व सण रोजचाच झाला. चहांतली साखर निदान चमच्यानें मोजतां येते. बिस्किटांत अन् बाटलीबंद पेयांत दडलेली कोण मोजणार?

१८७९ मध्यें सांपडलेलें सॅकरिन अनेकांस तोडगा वाटलें. परंतु वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं अशा कृत्रिम गोडव्यांवर विसंबूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें सांगितलें. वरून घातलेली साखर दिवसास सुमारें २५ ग्रॅमच्या आंत, म्हणजे सहा चमच्यांच्या आंत, असल्यास अधिक हितकर, हें तिचें २०१५ चें मत.

या हिशेबांत गूळही येतो. गुळाच्या अभिमान्यांस हें रुचणार नाहीं. शिवाय बाजारांतील पिवळ्याधमक ढेपेचा रंग पुष्कळदा हायड्रॉस नांवाच्या रसायनाचा असतो, आणि निर्मळ रीतीनें केलेली काळसर ढेप मात्र गिऱ्हाइकाविना पडून राहते.