लसिकाग्रंथींच्या चित्रणाची कुळकथा

फॉलिक्युलर लिंफोमासारखा लसिकाग्रंथींचा मंदगती रोग शरीरात वर्षानुवर्षे बिनबोभाट मुक्काम करून राहतो, आणि त्याला लक्षणे नसतील तर औषध सुरू न करता नुसती नजर ठेवणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. ही नजर ठेवायची कशाने, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित होता.

लंडनमधील शल्यविशारद जॉन किनमाँथ यांनी 1952 साली पायाच्या त्वचेखाली निळे रंगद्रव्य टोचून, त्यायोगे दिसू लागलेली अतिसूक्ष्म लसिकावाहिनी छेद घेऊन उघडी करण्याची आणि तीत सुई शिरवून क्ष-किरणांस अडविणारा द्रव सोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे त्या द्रवाच्या जागी आयोडीनयुक्त तेल आले, आणि त्याच्या अंगी असा अनपेक्षित गुण निघाला, की ते पोटातील ग्रंथींत महिनोन्‌महिने टिकून राही; त्यामुळे पुन्हा सुई न टोचता, साध्या क्ष-किरण चित्रावरूनच ग्रंथी फुगली की आकसली याचा दाखला मिळे. धिम्या रोगावर पाळत ठेवण्याच्या रीतीचे मूळ मी या तेलात मानतो, जरी ती क्रिया रुग्णाइतकीच डॉक्टरांच्याही धीराची परीक्षा पाहणारी होती.

हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखविला, आणि ते तंत्र पोटापर्यंत पोहोचताच तेलाची सद्दी संपली. तथापि सीटीस कळे तो मुख्यतः आकार. उपचारानंतर उरलेली गाठ जिवंत आहे की नुसता व्रण, याचा निवाडा सीटीकडून होईना. तो करू लागली एफडीजी ही किरणोत्सारी शर्करा, जी 1976 मध्ये फिलाडेल्फियात प्रथम मानवास दिली गेली आणि जिच्यावर आजचे पेट चित्रण चालते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते 2002 साली आले. 2009 मध्ये फ्रान्समधील दोव्हील येथे जमलेल्या तज्ज्ञांनी पेट चित्रात दिसणारा गाठीचा उजेड छातीतील रक्ताच्या व यकृताच्या उजेडाशी ताडून पाच श्रेणी ठरविल्या. मंदगती रोगात याचा खरा लाभ असा, की एखादीच गाठ इतरांहून फार उजळली, तर रोगाने उग्र रूप धारण केल्याचा संशय घेऊन तपासणीचा तुकडा तिथूनच काढता येतो.

लुगानोच्या नावाने 2014 साली प्रसिद्ध झालेल्या लिंफोमाविषयक जाबत्याने रोग शमल्यावर नेमाने चित्रे काढीत राहण्यास प्रतिकूल मत दिले. पोटात अवशेष उरलेल्या मंदगती रोगापुरती मात्र त्याने ती विवेकाने वापरण्याची मुभा ठेवली आहे.