मानक आणि व्यवहार : बिनतारी कंट्रोलरवरील लिंक अॅग्रिगेशन

एखादे मानक संमत झाले की ते त्याच वर्षी व्यवहारात रूढ झाले, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा गृहीत धरले जाते. हे गृहीत किती फसवे आहे, ते लिंक अॅग्रिगेशनच्या उदाहरणावरून ध्यानात येते. अनेक ईथरनेट जोडण्या एकत्र बांधून त्यांस एकच जोडणी म्हणून वागविणे, ही ती पद्धती होय.

तिचा एक महत्त्वाचा प्रारंभ १९९० च्या दशकाच्या आरंभी कल्पना या अमेरिकन कंपनीच्या ईथरचॅनेलमध्ये आढळतो. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढे निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांचा मेळ बसावा म्हणून आय.ई.ई.ई. या संस्थेने २००० साली ८०२.३एडी हे मानक संमत केले. २००८ साली हा विषय ८०२.१एएक्स या मानकाकडे गेला. या मानकाचा विशेष म्हणजे एलएसीपी हा प्रोटोकॉल. त्यात दोन्ही टोकांची यंत्रे ठराविक काळाने परस्परांस आपली ओळख देतात आणि ती जुळली तरच जोडणी गटात सामील होते. स्थिर रचनेत अशी पडताळणी नसते.

२००५ साली सिस्कोने एअरस्पेस ही कंपनी घेतली व बिनतारी कंट्रोलरच्या क्षेत्रात आपले स्थान बळकट केले. ४४०० मालिकेत अॅग्रिगेशनवाचून एका पोर्टवर ४८ अॅक्सेस पॉइंटांची मर्यादा होती. १०० अॅक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या ४४०४ ला म्हणूनच अनेक पोर्टांवर स्वतंत्र व्यवस्थापक इंटरफेस लागत. अॅग्रिगेशनने ही अडचण दूर केली. तथापि कंट्रोलरच्या एअरओएस या प्रणालीत एलएसीपीची सोय नव्हती. सर्व पोर्टांचा एकच गट होई, बदलानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे लागे आणि समोरच्या स्विचवर गट ‘ऑन’ या स्थिर रीतीनेच बांधावा लागे. वाटाघाटीची सोय २०१८ साली आलेल्या ९८०० मालिकेत कालांतराने मिळाली.

हा विलंब निव्वळ कालगणनेचा प्रश्न नव्हे. स्थिर गटात केबल चुकीच्या पोर्टात गेली, तरी कोणतेच यंत्र हरकत घेत नाही. फ्रेम हरवतात आणि दोष मात्र रेडिओत शोधला जाण्याचा संभव असतो. शिवाय फ्रेमांचा क्रम टिकावा म्हणून एक संभाषण सामान्यतः एकाच जोडणीवरून जाते. यामुळे दोन जोडण्यांनी एकूण सामर्थ्य वाढते, एका संभाषणाचा वेग नव्हे.

तात्पर्य, मानकाची तारीख ही संमतीची तारीख होय. व्यवहाराचा इतिहास लिहावयाचा तर अभ्यासकाने यंत्रांच्या त्या त्या काळच्या रचना-आज्ञाच वाचल्या पाहिजेत.