गोंदियात बर्फ पडत नाही, मग गाडीतला ‘स्नो मोड’ कधी वापरायचा?

गोंदिया जिल्ह्यात थंडी चांगलीच पडते, पण बर्फ पडत नाही. तरीही इथे धावणाऱ्या अनेक नव्या एसयूव्हींमध्ये ‘स्नो’ हा पर्याय असतो. ह्युंदाई क्रेटाच्या काही ऑटोमॅटिक प्रकारांत स्नो, मड आणि सँड असे तीन ट्रॅक्शन मोड मिळतात; किया सेल्टोसच्या काही ऑटोमॅटिक प्रकारांतही ट्रॅक्शन मोड असतात. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या फोर-व्हील ड्राइव्ह आणि मारुती ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप प्रकारातही स्नो मोड आलेला आहे. टाटा हॅरियर आणि सफारीत याच्या जवळ जाणारा मोड ‘वेट’ या नावाने आहे.

मग हा मोड मनालीच्या सहलीपर्यंत विसरून जायचा का? नाही. कारण स्नो मोडला बर्फ ओळखता येत नाही. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं असतं की रस्ता निसरडा आहे. आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत असे रस्ते गोंदियात जागोजागी सापडतात.

चाक का घसरतं?

टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीला मर्यादा असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती भरपूर असते, ओल्या रस्त्यावर कमी होते आणि दाबलेल्या बर्फावर कोरड्या रस्त्याच्या साधारण एक तृतीयांशच उरते. इंजिनने चाकाला दिलेला जोर या मर्यादेपलीकडे गेला की चाक जागच्या जागी गरगर फिरू लागतं. एकदा घसरायला लागलेल्या चाकाची पकड आणखी कमी होते. म्हणून अडकलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी बहुतेक वेळा आणखी रुतते.

स्नो मोड काय बदलतो?

प्रत्येक कंपनीची रचना थोडी वेगळी असते, पण मुख्य बदल असे:

• ॲक्सिलरेटर मवाळ होतो. पाय तेवढाच दाबला, तरी इंजिन हळूहळू जोर देतं.

• गिअर लवकर वर जातात. काही गाड्या थेट दुसऱ्या गिअरमध्ये निघतात. त्यामुळे चाकावर एकदम ताण येत नाही.

• ट्रॅक्शन कंट्रोल अधिक दक्ष होतो. एखादं चाक घसरू लागताच इंजिनचा जोर कमी केला जातो किंवा त्या चाकाला हलका ब्रेक लावला जातो.

• फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत हा जोर चारही चाकांत वाटला जातो. क्रेटा आणि सेल्टोसमध्ये मात्र जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. तिथे मोड बदलला, तरी गाडी फोर-व्हील होत नाही.

गोंदियात कधी वापरायचा?

रोवणीच्या काळात बांध्यांमधून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल डांबरी रस्त्यावर आणतात. त्यावर पावसाची एक सर आली की वर पातळ, गुळगुळीत थर तयार होतो आणि खाली रस्ता कडकच असतो. स्नो मोडसाठी हीच योग्य जागा. ओल्या गवतावरून गाडी काढताना किंवा निसरड्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवतानाही तो उपयोगी पडतो.

शेतरस्त्यावर चाक बुडेल एवढा चिखल असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे चाक थोडं फिरलं तरच टायरच्या खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि गाडी पुढे सरकते. मड मोड चाकाला तेवढी मोकळीक देतो. स्नो मोड मात्र घसरण दिसताच जोर कमी करतो, त्यामुळे गाडी जागीच अडकू शकते.

साकोलीकडून देवरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रस्ता कोरडा असताना नॉर्मल मोडच ठेवावा. स्नो मोडमध्ये गाडी सावकाश वेग घेते आणि ओव्हरटेक करताना हाच उशीर महागात पडू शकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज

स्नो मोड गाडी सुरू करायला आणि पुढे न्यायला मदत करतो. थांबवायला नाही. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे वेग, टायर आणि रस्त्याची पकड यांवर ठरतं. हिशेब करून पाहिला तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फासारख्या निसरड्या थरावर तेच अंतर ५५ मीटरच्या पुढे जातं. ब्रेक लावायला चालकाला लागणारा वेळ यात धरलेला नाही. एबीएसमुळे चाकं लॉक होत नाहीत आणि स्टीअरिंग हातात राहतं, पण नसलेली पकड एबीएसही आणू शकत नाही.

धोका इथेच आहे. मोडमुळे गाडी सहज निघते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे चालकाच्या लक्षातच येत नाही. ते कळतं पुढे बैलगाडी किंवा गुरं आडवी आल्यावर. म्हणून स्नो मोड लावला की वेगही कमी करायचा. ताशी ३० किलोमीटरला त्याच निसरड्या थरावर थांबायचं अंतर साधारण १४ मीटरवर येतं. वेग निम्मा केला की अंतर एक चतुर्थांश होतं.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर?

कोणताही मोड कामाचा नाही. फूटभर खोल वाहतं पाणी लहान गाडीला ढकलू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्हींनाही वाहून नेऊ शकतं. शिवाय पाण्याखाली रस्ता खचला आहे की नाही, हे गाडीला कळत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबणं किंवा दुसऱ्या रस्त्याने जाणं, एवढाच पर्याय आहे.

गाडीत हा मोडच नसेल तर?

मॅन्युअल गाडीत हेच काम पायाने करता येतं. निसरड्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत आणि ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून गाडी काढायची. वळणाआधीच वेग कमी करायचा, वळणात जोरात ब्रेक लावायचा नाही आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवायचं. पावसाळ्याआधी टायरही तपासून घ्यावेत. कायद्याने खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ती तिथपर्यंत येण्याआधीच ओल्या रस्त्यावरची पकड बरीच कमी झालेली असते.

झिजलेल्या टायरवर स्नो मोड लावण्यापेक्षा चांगल्या टायरवर साधी गाडी सावकाश चालवणं केव्हाही सुरक्षित.